केबलमधलं बिऱ्हाड

चष्मेवाल्यांनी पेट्रोलची गाडी विकून विजेवरची घेतली, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. दुकानाकडे निघाले की ढगात बसून चालल्यासारखं वाटे. पानांची सळसळ, कुणाच्या खिडकीतलं गुणगुणणं, सगळं अलगद आत येई. शेजारच्या प्लंबरची खटारा गाडी धूर ओकत सुरू झाली, की मात्र ते नाकाला रुमाल लावत.

"अहो, झाडांचा तरी विचार करा!"

"आणि तुमची वीज कुठून येते? ढग पिळून?" प्लंबर विचारी. "तिकडेही कोळसाच जळतो म्हटलं!"

चष्मेवाले गाडीची काच वर करून निघून जात.

मध्यंतरी आठवडाभर ते तापाने अंथरुणाला खिळले. उठून पोर्चमध्ये येतात तो खुंटीवर टांगलेल्या चार्जिंगच्या केबलच्या वेटोळ्यात बुलबुलाचं घरटं! आत अंडी.

"काढा आधी ते," बायको म्हणाली. "लेकीचे दिवस भरत आलेत. ऐनवेळी गाडी लागेल."

"अगं, पर्यावरणासाठी गाडी घेतली आणि पर्यावरण आपल्या पायांनी घरी आलं. त्याला हाकलून देऊ?"

मग ते चौकातल्या चार्जिंग स्टेशनवर गेले. तिथे ही रांग! थंड हवा सुरू ठेवून ते डोळे मिटून बसले. इतकं निवांत वाटलं, की डुलकीच लागली. मागचे पुढे गेले, चार्ज करून घरीही गेले. चष्मेवाल्यांना जाग आली तेव्हा तिथला माणूस यंत्र बंद करून जेवायला गेला होता. गाडी कशीबशी पोर्चपर्यंत आली आणि तिने मान टाकली.

नेमक्या त्याच दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या.

"आता बुलबुलावर बसून जायचं का?" बायको कडाडली.

प्लंबरने आवाज ऐकला आणि खटारा फाटकाशी आणून उभी केली. "बसा पटकन. नाक धरायचं असेल तर आत्ताच धरून घ्या."

चष्मेवाल्यांनी नाक नाही, लेकीचा हात धरला. मागे पांढरा धूर उन्हात पसरत होता. आज तो त्यांना चक्क सुंदर दिसला. संध्याकाळी नात झाली.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी खटाऱ्याचा आवाज आला नाही म्हणून त्यांनी बाहेर डोकावलं. प्लंबर दाराला खांदा लावून गाडी ढकलत होता.

"बंद पडली?"

"हळू बोला हो! अंड्यांतून पिल्लं निघालीत तुमच्याकडे. इथे सुरू केली तर दचकतील. कोपऱ्यावर नेतो."

चष्मेवाले अनवाणीच धावले आणि मागून जोर लावला. गाडी धूर न सोडता, आवाज न करता पानांच्या सावल्यांतून तरंगत निघाली.

"काही म्हणा," प्लंबर धापा टाकत पुटपुटला, "अशी चालवली की ॲव्हरेज फार छान देते!"