पांढऱ्या पट्टीची बाजू

पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, जे फिरतं ते मी दुरुस्त करतो. शाळा सातवीत सुटली, पण तीस वर्षांत माझ्या हातून एक वस्तू मेलेली परत गेली नाही. मग पोरीचा कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडायला लागल्यावर मी बाहेरचा माणूस बोलवू देईन होय!

पोरगी रडकुंडीला आलेली. ‘घरातले विजेचे अपघात’ हा तिचा कॉलेजचा शेवटचा प्रकल्प. परवा द्यायचा, आणि निम्मा लिहायचा बाकी.

मी डबा उघडला. मदरबोर्डवर पाच कपॅसिटर, जेवण अंगावर आलेल्या व्याह्यांसारखे पोट फुगवून बसलेले. हात्तिच्या! पंख्याचे असले हजार बदललेत मी.

दुकानदार पाच नवे पुडीत बांधता बांधता पांढऱ्या पट्टीचं काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, तू रांगत होतास तेव्हापासून मी कपॅसिटर लावतोय. बिचाऱ्याने पुडी माझ्या हातात ठेवली.

आता, पंख्याच्या कपॅसिटरच्या दोन वायरी कुठलीही कुठेही जोडा, पंखा फिरतो. ह्या बारक्यांचं मात्र अधिक-उणे बघावं लागतं, पांढरी पट्टी असते ती उणे बाजू. हे मला कोण सांगणार? सांगत होता त्याला मीच गप्प केलेलं.

पाचही सोल्डर केले. बायकोला आणि पोरीला समोर बसवलं, बटण दाबलं. पडद्यावर उजेड आला. ‘‘बघा,’’ म्हणालो, आणि फाट्‌! लगेच दुसरा फाट्‌! मिशीत कपॅसिटरच्या पोटातल्या कागदाच्या चिंध्या, खोलीभर कुजक्या माशासारखा वास.

बायको धावली ती थेट जिन्याखाली, आणि घाईघाईत तिने अख्ख्या इमारतीचं मेन बटण पाडलं. तळमजल्यावर न्हाव्याचं मशीन गिऱ्हाइकाच्या डोक्यावर अर्ध्यात थांबलं. दोघं वर आले. गिऱ्हाइकाचं निम्मं डोकं तुळतुळीत, निम्मं जंगल. आधी भांडायलाच आलेला, पण माझी मिशी बघून त्याचा राग मावळला. म्हणाला, तुमच्यापेक्षा मी बरा.

पोरगी मात्र फोनवर माझे फोटो काढत होती. समोरून, बाजूने, मिशीचा जवळून. मला भरून आलं. म्हटलं, बापाची आठवण जपतेय.

तीन कपॅसिटर नशिबाने सरळ लागले होते; फुटलेल्या दोघांच्या जागी मग तीच दुकानात जाऊन दोन नवे घेऊन आली आणि शेजारी बसली. ती टॉर्च धरून पट्टी दाखवायची, मी सोल्डर मारायचो. बायको दारात उभी होती, एक हात जिन्याकडे तयार ठेवून. ह्या खेपेला कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत हूं की चूं न करता चालला. प्रकल्प वेळेत गेला आणि वर्गात पहिला आला!

मी म्हटलं, ‘‘आभाराच्या पानावर माझं नाव घातलंस ना गं?’’

‘‘बाबा, तुम्हाला आख्खं प्रकरण दिलंय.’’

उघडून बघितलं. पान बावीस. माझा फोटो, मिशीसकट. खाली लिहिलेलं: ‘अनुभवी कारागिरांकडून होणारे अपघात.’

कॉलेजच्या बाई म्हणाल्या म्हणे, सगळ्यात जिवंत प्रकरण तेच. आता एक प्रत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात ठेवलीय. पोरगी पहिली आली म्हणून सगळ्यांना दाखवतो. फक्त बावीस आणि तेवीस ही पानं एकमेकांना चिकटलीत, त्याला काय करणार?