थेंब टिपताना

फोटो 'काढतात', हे मला मान्य नाही. काढतात तो दात. प्रतिमा टिपायची असते. मुद्रितशोधक म्हणून हयात घालवलेल्या माणसाचा एवढा हट्ट क्षम्य मानावा. (आमच्या मुद्रणालयातला छायाचित्रकार मानत नाही.)

पंपांच्या एका कारखान्याची दिनदर्शिका छपाईला आली होती. मुखपृष्ठावर पाण्याचा थेंब हवा होता. "थेंबाचा फोटो काढायला वेगळी लेन्स लागते," छायाचित्रकार मालकांना म्हणाला. मी सवयीने 'काढायला'च्या जागी 'टिपायला' सुचवले. तो भडकला.

"मग तुम्हीच टिपा, काका! अनुस्वाराखेरीज दुसरा थेंब पाहिलाय का कधी?"

"टिपतो. घरी, साध्या कॅमेऱ्याने टिपतो."

"आणि नाही जमलं, तर सोमवारी सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मला फोटो क्लिक करता येत नाही.' क्लिक! मोठ्यांदा!"

मालकांनी हसून "ठरलं" म्हटले. त्या एका वाक्याच्या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी प्रयोगशाळा मांडली. मेहुण्याने टाकून दिलेला कॅमेरा स्टुलावर बांधला. समोर पाण्याने भरलेला काळा ट्रे. दोन्ही बाजूंना शब्दकोशाच्या खंडांच्या थप्प्या, त्यांवर आडवे लाटणे, लाटण्याला टांगलेली पाण्याची पिशवी आणि पिशवीला टाचणीने पाडलेले छिद्र. टप, टप, टप.

काही प्रतिमांत थेंब अजून आलेला नव्हता. उरलेल्यांत तो येऊन गेला होता. (बढतीशी माझे नाते असेच आहे.) थेंब पडतो तिथे पेन्सिल धरून कॅमेऱ्याची नजर तिच्यावर स्थिर करावी, असे मला सुचले. पत्नीची मावशी तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होती. ओला ओटा पाहिला की या बाईंना अन्न गोड लागत नाही.

"मावशी, मी पेन्सिल घेऊन येतो. मला थेंब टिपायचे आहेत. तेवढे लक्ष असू द्या."

"निर्धास्त जा, जावईबापू."

परतलो तर ओटा आरशासारखा लखलखत होता. ट्रे कोरडा ठणठणीत. पिशवीच्या छिद्रावर चिकटपट्टी. मावशींच्या हातात ओलेगच्च फडके.

"सगळे टिपले," त्या समाधानाने म्हणाल्या. "एक म्हणून सोडला नाही!"

"अगं मावशी, त्यांना फोटो काढायचा होता!" पत्नीला हसू आवरेना.

"मग 'काढायचा' म्हणावं की! टिपायचं म्हटल्यावर मी दुसरं काय करणार?"

"'टिपणे' म्हणजे प्रतिमा घेणे, असाही अर्थ आहे! थांबा, दाखवतोच!" म्हणत मी आवेशाने 'ट'चा खंड ओढला.

तो तळाशी होता.

थप्पी कोसळली, लाटणे घरंगळले, पिशवी ट्रेमध्ये आदळून फुटली. ट्रे काठोकाठ भरला. उरलेले पाणी माझ्या विजारीने टिपले. (मावशींच्या अर्थाने.) मी तशाच अवस्थेत कोश उघडला. पहिला अर्थ 'फडक्याने शोषून घेणे' असा होता. माझा चौथा होता. इकडे कॅमेऱ्याचा लाल दिवा बॅटरी संपत आल्याचे सांगू लागला. मला ते वाक्य ऐकू येऊ लागले, माझ्याच आवाजात.

माझा चेहरा पाहून मावशी विरघळल्या. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. घ्या तुमचे थेंब परत!" त्यांनी फडके ट्रेवर धरले आणि हलकेच पिळले.

मी पेन्सिल धरली, नजर स्थिर केली, पेन्सिल काढली, कळ दाबली. लख्ख उजेड पडला आणि कॅमेऱ्याने प्राण सोडला. आत काय उमटले, देव जाणे.

सोमवारी सगळ्यांसमोर संगणकावर ती शेवटची प्रतिमा उघडली. मालक उठून उभे राहिले. पाण्याचा मुकुट उसळला होता, त्याचे एकेक टोक मोजून घ्यावे इतके स्पष्ट. आणि वर अधांतरी एक गोल, तेजस्वी थेंब. छायाचित्रकार पडद्याला नाक लावून पाहत राहिला.

"काका, ही... ही कशी टिपलीत?"

"काय म्हणालास?"

"टिपलीत," तो पुटपुटला.

एवढे शुद्ध मराठी मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले. मुखपृष्ठ ठरले.

पुढच्या खेपेला मावशी आल्या, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका झळकत होती. त्या जवळ गेल्या, थबकल्या, डोळे बारीक करून पाहू लागल्या. मग फडके घेऊन त्यांनी मुखपृष्ठावरचा थेंब पुसला. तो जाईना, पुन्हा पुसला. माझा ऊर भरून आला. इतकी जिवंत कलाकृती! याहून मोठी पावती कोणती?

मावशी फडके झटकत माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, हा एक टिपायचा राहिलाच की हो तुमचा!"