सक्राबाई झाकण उघडते

सक्राबाई कुणाच्याही घरी आली की राम राम नंतर करायची. आधी थेट चुलीपाशी जाऊन भांड्यांवरची झाकणं उघडायची. पाटलीणबाईंच्या स्वयंपाकघरातसुद्धा ती तशीच शिरे आणि पाटलीणबाई मुकाट्यानं बाजूला होत. ती पोंभुर्ण्याची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिला अडवणार कोण?

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. आमचा बाळू तीन महिन्यांचा झाला, तोवर मी चांगलीच गरगरीत झाले होते. दोन महिन्यांवर वर्ध्याला धाकट्या बहिणीचं लग्न आणि एकही पोलकं अंगात शिरेना. मी गुपचूप रात्रीचं जेवण सोडलं. भूक नाही म्हटलं की यजमानांना खरं वाटे. पुरुषांना अशा गोष्टी खऱ्या वाटतात.

आठवड्याभरात बाळू किरकिर करायला लागला. दूध पुरेना. सकाळीच सक्राबाई आली, झाकण उघडलं. माझ्या वाटणीचा भात जसाच्या तसा.

"मास्तरीनबाई, राती काऊन नाई जेवली?"

मी लग्नाचं, पोलक्याचं सगळं सांगून टाकलं. तिनं कनवटीचा काळा दोरा काढला. एक तुकडा माझ्या कमरेला बांधला, एक बाळूच्या.

"याचा दोरा तंग झाला पायजे, तुहा ढिल्ला. तुहाच ढिल्ला झाला अन् याचा तसाच राह्यला, तं तू पोराचं चोरून राह्यली. नऊ महिन्यानं चढलं, नऊ महिन्यानं उतरंल. घाई कायची?"

दोन्ही वेळ पोटभर भाकर, वरण, शेवग्याचा पाला. आईनं पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र तिनं जप्त केला. संध्याकाळी बाळूला घेऊन तळ्यापर्यंत चालायचं, ती पुढे, मी मागे. मध्येच वळून विचारी, "बोलता येते का? नाई येत? तं बस." मी निमूट बांधावर बसे. रोज ती माझ्यासाठी एक वाटी वरणही आणायची. "घरी उरलं," म्हणायची.

बाजाराच्या दिवशी दोरे तपासायचे. बाळूचा दोरा पंधरवड्यात तंग झाला. माझा बोटभर ढिला व्हायला महिना लागला, आणि ते बोट तिनं अख्ख्या आळीला दाखवलं. लग्नात मी शिवण उसवून घेतलेलंच पोलकं घातलं. पण बाळू असा गुटगुटीत, की पोलक्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती!

परत आल्यावर लग्नातले लाडू द्यायला मी पहिल्यांदाच तिच्या घरी गेले. एवढीशी खोली, चुलीवर एकच भांडं. तिची सवय मला लागलेली. हात आपसूक झाकणाकडे गेला. आत पातळ पेज. शितं मोजावीत इतकी विरळ. मग रोज माझ्याकडे यायचं ते वरण उरायचं कशातून?

"सक्राबाई, हे काय जेवण झालं?"

ती हसली. "माह्यं काय, बाई? मले कोनाले पाजाचं हाय?"

मला फार लाज वाटली आणि रडू आवरेना. मी बाळूला तिच्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी पदराखाली वरणाचं भांडं घेऊन तिच्या घरात शिरले. आधी चुलीवरचं झाकण उघडलं, मग राम राम केला.