घंटागाडीवर माझी मतं

आधीच सांगून टाकतो. आमच्या गावात मत मांडावं ते रुपचंद महाजननंच, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी आणि गफूरभाई.

गावाचं नाव मात्र सांगत नाही. एरंडोलहून धुळ्याकडे निघालात की थोडं आत लागतं, एवढं पुरे. नगरपंचायतीतली माणसं अजून माझ्याकडे बघून नीट हसत नाहीत.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आणा, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता मी तुम्हाला जगाचं तेलाचं राजकारण समजावून देतो. देशात काहीही घडो, सकाळी साडेदहाला त्यावर माझं मत तयार असतं. दुपारी दोनला ते पक्कं होतं आणि संध्याकाळी बसस्टँडपर्यंत पोचतं. आवाजही देवानं दिलाय. गणपतीत हरवलेल्या मुलाचं नाव मी माइकवर पुकारलं, तर मूल सापडतंच. शिवाय शेजारच्या गावातलंही एखादं घरी जातं!

म्हणूनच मे महिन्यात नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक शाहबाजसाहेब स्वतः दुकानात आले, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

"रुपचंदभाऊ, घंटागाडीवर तेच तेच गाणं ऐकून लोकांचे कान किटलेत. ओल्या-सुक्या कचऱ्याचा संदेश तुमच्या आवाजात हवाय. दोन मिनिटांचा."

"दोनच मिनिटं?" मी म्हणालो. "विषय मोठा आहे साहेब!"

"दोनच," साहेब म्हणाले. तरुण माणूस, पण मला ओळखून होता.

त्याच दुपारी मी गफूरभाईच्या दुकानात गेलो. गफूरभाई लग्नाला मंडप, भोंगे, माइक सगळं पुरवतो. मागच्या खोलीत गाद्या लावून त्यानं रेकॉर्डिंगची सोयही केलीय. कॉम्प्युटरसमोर बसून त्यानं बोट वर केलं आणि मी सुरू झालो.

"नागरिक बंधू-भगिनींनो!"

पहिल्यांदा पंखा वाजला. दुसऱ्यांदा बकरी ओरडली. तिसऱ्यांदा मीच "ओला कचरा निळ्या डब्यात" म्हणालो. मग चहा मागवला. चहाबरोबर पेपर आला आणि पेपराबरोबर माझी मतं आली. तासभर आम्ही बोललो. मग एका दमात संदेश रेकॉर्ड केला आणि मी छाती पुढं काढून घरी आलो.

तो चहाचा तास माइक सुरू होता, हे आम्हा दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा! गल्लीत आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सुनंदाबाई, म्हणजे आमची ही, कचऱ्याची बादली घेऊन शेजारी उभी. समोर आपल्या ओट्यावर धनसिंग नाना खुर्ची टाकून बसलेले. नाना म्हणजे निवृत्त हवालदार. मनगट माझ्या पोटरीएवढं आणि बोलणं महिन्याला साधारण दहा वाक्यं. गल्लीच्या टोकाला, उतारावर, बुधीबाईचं घर. ती मूळची सातपुड्याकडची. मजुरीला इथं आली आणि इथलीच झाली. तीही दारात येऊन थांबली होती.

घंटागाडी वळणावर आली आणि भोंगा कडाडला.

"नागरिक बंधू-भगिनींनो!"

"बघ!" मी हिला म्हणालो. "आवाज बघ!"

"ओला कचरा निळ्या डब्यात... बास! गफूरभाई, चहा सांग," भोंगा पुढं म्हणाला. "कोणाला सांगायचं ओला आणि सुका? आमच्या गल्लीत लोकांना डावा आणि उजवा कळत नाही!"

सुनंदाबाईनं बादली खाली ठेवली.

"टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडतात, त्याला म्हणे चर्चा म्हणायचं! आमच्या घरी चौघांचं काम सुनंदाबाई एकटी करते!"

"अहो," ही अगदी हळू म्हणाली. "हे तुम्हीच बोलताय ना?"

"आवाज माझ्यासारखा वाटतोय खरा..."

"मेडिकलवाल्यानं पाटी लावलीय, 'प्लॅस्टिक टाळा.' अरे, पाटीच प्लॅस्टिकची!" भोंगा आता रंगात आला होता. "परदेशात समुद्राच्या खालून बोगदा नेतात, आणि आमच्या गल्लीतलं गटार चाळीस फूट पुढं जात नाही! का? तर मध्ये धनसिंग नानांचा ओटा! गटारावरच बांधलाय! पाणी तुंबतं आणि जातं कुठं? बुधीबाईच्या चुलीत!"

मग गफूरभाईचा आवाज. "तो भाऊ, नाना को बोला क्यूँ नहीं कभी?"

आणि मग माझा, जगाच्या अंतापर्यंत मला ऐकू येईल असा आवाज.

"कसं बोलणार? दर रविवारी त्यांच्याकडे भरीत-पुरी असते!"

मी नानांकडे पाहिलं नाही. कुठंच पाहिलं नाही. मी सरळ गाडीमागं पळत सुटलो!

"जगदीश! ए जगदीश! बंद कर!"

जगदीश घंटागाडीचा ड्रायव्हर. दिवसभर भोंग्याखाली बसून त्यानं कानात कापूस घालायची सवय लावून घेतलीय. आरशात मी पळताना दिसलो, तर त्याला वाटलं भाऊंचा कचरा राहिला. त्यानं गाडी हळू केली, डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "ओला का सुका?"

"माझा आवाज बंद कर!"

"हां हां, ओला डावीकडं टाका!"

माझी एक चप्पल राममंदिरापाशी गळाली, दुसरी पाण्याच्या टाकीपाशी. लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका म्हातारीनं आपलीही पिशवी माझ्या हातात दिली, गाडीत टाकायला! शाळेजवळ मी एकदाची गाडी गाठली आणि पेन ड्राइव्ह उपटून काढला. भोंगा गप्प झाला. मी खांबाला धरून श्वास घेत होतो.

जगदीशनं कापूस काढला. "काय झालं भाऊ? मस्त चाललं होतं की! लोक तर आज पहिल्यांदाच पळत येत होते."

"चुकीची फाइल लागली रे! वाचलो म्हण, एकच गाडी होती."

"एक कुठली?" जगदीश म्हणाला. "गफूरभाईनं तीन पेन ड्राइव्ह दिलेत. एक गाडी बाजारपेठेत गेली. एक नव्या वस्तीत."

मी घरी गेलोच नाही. अनवाणी थेट गफूरभाईच्या दुकानात शिरलो आणि शटर अर्धं खाली ओढलं. गफूरभाई कपाळाला हात लावून बसला होता. भोंगा त्याच्याही दारावरून गेला होता.

"कसम से भाऊ, दोन्ही फाइलींना तुमचंच नाव दिलं होतं! एक 'रुपचंद', दुसरी 'रुपचंद नया.' मला वाटलं नया म्हणजे संदेश."

"आणि ते 'नया' होतं काय?"

"मतं," गफूरभाई म्हणाला.

बाहेर पावलं वाजली. मी गाद्यांमागं सरकलो. मेडिकलवाला आला होता. मला वाटलं, आता पाटी डोक्यात घालतो. पण तो शटरखालून वाकून म्हणाला, "गफूरभाई, पुठ्ठ्यावर पाटी रंगवून मिळेल का? बाजारपेठेत गाडी तीनदा फिरवून घेतली लोकांनी. प्रत्येक जण माझ्या दुकानासमोर थांबून हसतोय!" मग शाहबाजसाहेबांचा फोन आला. ते आधी पाच मिनिटं रागावले. लेखी खुलासा मागितला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, एक सांगू? आज कचरा वेगवेगळा आलाय. डावा-उजवा कळत नाही म्हणालात ना, ते लोकांच्या जिव्हारी लागलं."

मला थोडा धीर आला. तेवढ्यात शटर खर्रकन वर गेलं.

दारात धनसिंग नाना. हातात पहार.

गफूरभाईनं कॉम्प्युटर मिठीत घेतला. मला कोणी मिठीत घेतलं नाही.

"रुपचंद," नाना म्हणाले. नाना चिडले की थेट अहिराणीत बोलतात. "बठ्ठा गावले सांगं तू. माले तेवढं सांगं नही!"

साऱ्या गावाला सांगितलं आणि फक्त त्यांनाच नाही, हे खरंच होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे मत नव्हतं. नानांचे डोळे रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. दुखावलेले होते.

"चूक झाली नाना," मी म्हणालो.

"कोणती? बोलना ती, का नही बोलना ती?"

मी गाद्यांमागून अर्धा बाहेर सरकलो.

"चाल," ते म्हणाले. "ऊठ."

आम्ही गल्लीतून चाललो. पुढं नाना, मागं मी अनवाणी, त्यामागं गफूरभाई आणि त्यामागं निम्मा गाव. ओट्यापाशी येऊन नानांनी पहार माझ्या हातात दिली.

"पहिला घाव तुना."

सगळी गल्ली बघत होती. सुनंदाबाईही. मी पहार उचलली, डोक्यावर नेली आणि सगळी ताकद लावून खाली आणली. ओट्याला काहीच झालं नाही. पण ओट्याच्या कडेनं नळाची पाइप गेली होती, ती फुटली! पाण्याचा फवारा नानांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत गेला. योगायोग असा की आमच्याकडे पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते नेमकं त्या क्षणी आलं होतं!

मग काय विचारता! गल्लीतल्या बायका हंडे, कळशा, पातेली घेऊन धावल्या. मी दोन्ही हातांनी पाइप दाबून धरली, तर पाणी माझ्या बाहीतून निघून पाठीवरून विजारीत! इस्त्रीचा शर्ट अंगाला असा चिकटला, की मी सोललेल्या वांग्यासारखा दिसत होतो. "सोडू नका!" कोणी ओरडलं. "थोडं सोडा, हंडा भरायचाय!" दुसरी ओरडली. शेवटी दुकानातून सायकलची ट्यूब मागवून मी पाइपला गुंडाळली. गुंडाळण्याचं काम मला येतं.

नाना तोवर ओटा फोडायला लागले होते. मीही लागलो. गफूरभाईनं मंडपाचे दोन गडी आणले. दुपारपर्यंत ओट्याखालचं गटार मोकळं झालं. आत काय नव्हतं! पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एक आख्खी चादर. कुजकं पाणी हललं आणि चाळीस फूट पुढं नाल्यात जाऊन पडलं. एवढा साधा आवाज, पण गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

बुधीबाई मला तांब्याभर पाणी घेऊन आली. मी पाण्यानंच भिजलेला होतो, तरी प्यायलो.

"भाऊ," ती म्हणाली, "मी रोज कामाला तुमच्या दुकानावरून जाते. आठ वर्षं झाली. मनात यायचं, आज भाऊंना सांगावं की पाणी घरात येतं. पण तुम्ही दुसऱ्या देशाचं काही मोठं बोलत असायचे. मग वाटायचं, मध्ये कसं बोलावं?"

ती हे रागानं बोलली नाही. हसून बोलली. म्हणून ते तसंच्या तसं आत जाऊन बसलं.

"आता मध्येच बोलत जा," मी म्हणालो.

"बोलेन," ती म्हणाली, आणि लगेच बोललीही. "तुमच्या दुकानाचं काळं तेल गटारात सोडू नका. वास येतो."

त्या रात्री सुनंदाबाईनं मला जेवण वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. चौघांची शांतता होती ती! तिसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तीही हळू आवाजात, दार लावून.

पुढच्या आठवड्यात शाहबाजसाहेबांनी प्रभागाची बैठक ठेवली. एरवी या बैठकीला साहेब, शिपाई आणि मी असे तिघं असतो. त्या दिवशी सतरंजी पुरेना! कोणी दिव्याचं बोललं, कोणी शाळेसमोरच्या गतिरोधकाचं. नाना उठून चक्क तीन वाक्यं बोलले. मग गफूरभाईची पुतणी नाजमीन उभी राहिली. बारावी झालेली, भरतीची परीक्षा देणारी पोरगी. म्हणाली, "नगरपंचायतीच्या वरच्या खोलीत वाचनालय आहे. पुस्तकं आहेत, टेबल आहे, दिवा आहे. पण संध्याकाळी कुलूप असतं. आम्हा मुलींना घरात अभ्यासाला जागा नाही."

मला राहवेना! मी ताडकन उठलो.

"माझं स्पष्ट मत आहे," मी म्हणालो, "की वाचनालय रोज संध्याकाळी उघडलंच पाहिजे! माणूस नाही ही सबब चालणार नाही! गावातल्या जबाबदार नागरिकानं पुढं यावं! दोन तास म्हणजे काय मोठं..."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सगळी सभा माझ्याकडे बघतेय. नाना बघताहेत. बुधीबाई बघतेय. सुनंदाबाई तर विशेष प्रेमानं बघतेय.

शाहबाजसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

आता मी रोज सहा ते आठ वाचनालयात बसतो. नाजमीन येते, तिच्या तीन मैत्रिणी येतात, परवापासून बुधीबाईची नातही यायला लागली. पोरी मान खाली घालून वाचत असतात. टेबलावर पाच वर्तमानपत्रं असतात, पाचही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. काय काय चाललंय जगात! प्रत्येक बातमीवर माझं मत अगदी ओठांवर येतं.

पण करता काय? माझ्या खुर्चीच्या बरोबर वर, भिंतीवर, हातभर अक्षरात लिहिलंय, 'कृपया शांतता राखा.'