पप्पांचा फोन कुणाच्या खिशात?

लेकीच्या लग्नात आईला शंभर व्याप असतात. दीनाला त्यात आणखी एक होता, दुबईतला भाऊ. जॉयला रजा मिळाली नव्हती, म्हणून तो तिकडे बसून वडिलांवर पहारा करत होता. त्यानं वडिलांना, याकोबमास्तरांना, पाठवलेला फोन भलता चोंबडा होता. आपण अंगावर कुठं आहोत, वरच्या खिशात, हातात की पिशवीत, आणि ते अंग बसलंय की चालतंय, सगळं तो दुबईला कळवायचा. मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, आता थोडं नाचलात तरी चालेल. जॉय म्हणाला होता, अजिबात नाही.

आणि मास्तरांनी तर नातीला, जास्मिनला, ती एवढीशी असताना शब्द दिला होता, "तुझ्या लग्नात पहिला मी नाचणार!"

श्रीरामपूरच्या चर्चमध्ये लग्न लागलं, मांडवात बँजो सुरू झाला आणि दीनाचा फोन वाजला.

"ताई, पप्पांचा फोन खुर्चीवर पडलाय. अंगावर न्हाई!"

दीनानं वडिलांना शोधून आणलं, बसवलं आणि फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात कोंबला. "पप्पा, आजच्या दिवस गप बसा. माझ्या डोक्याला ताप नको."

"बसतो की," मास्तर म्हणाले. इतक्या लवकर ते कधी कुणाचं ऐकत नसत. दीनाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पंगतीचं बघायला ती वळली, तोच पुन्हा दुबई. "ताई, फोन मागच्या खिशात गेलाय!"

"मग?"

"पप्पांच्या पायजम्याला मागं खिसा कुठाय?"

बघते तर मास्तरांची खुर्ची रिकामी! शेजारी नवरदेवाचे वडील बेंजामिन ऐसपैस बसलेले. "तुमच्या वडिलांनी फोन सांभाळायला दिलाय. ह्यो काय, खाली हाय," म्हणत त्यांनी बूड किंचित हलवलं.

आता आली का पंचाईत! नवरदेवाच्या बापाला भर मांडवात 'उठा' म्हणायचं कसं? रुसला म्हणजे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"व्याही, जरा उठता का?" दीना अगदी मऊ आवाजात म्हणाली.

बेंजामिन एकदम खुलले. "लई येळ वाट बघतोय, कुनी नाचायला बोलवतंय का!" आणि दोन्ही हात वर करून ते थेट रिंगणात घुसले.

दुबईत हाहाकार उडाला. "ताई, पप्पा नाचतायत! गुडघा जाईल! थांबव त्यांना!"

पप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. जास्मिननं हात पुढं केला होता, पण त्यांनी आधी दीनाकडे पाहिलं. गावातल्या दोन पिढ्यांना उठाबशा काढायला लावणारे मास्तर आज लेकीच्या परवानगीची वाट बघत होते.

दीना तरातरा रिंगणात गेली, नाचणाऱ्या व्याह्यांच्या मागच्या खिशात हात घालून फोन ओढून काढला (मांडवात शिट्ट्याच पडल्या), तो पोलक्यात खोवला आणि वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसली. मग हनुवटीनंच खुणावलं, जावा.

"हां, आता फोन वर आला. बसले," जॉयचा जीव भांड्यात पडला. "त्यांना उठू देऊ नको हां ताई."

"मी हलतच न्हाई इथून," दीना म्हणाली.

समोर मास्तर एक हात कमरेवर अन् एक हात नातीच्या हातात देऊन असे काही नाचत होते, की व्याही बाजूला होऊन टाळ्या वाजवायला लागले. बँजोनं ठेका वाढवला.

"ताई," दुबईहून बारीक आवाज आला, "पप्पा खुर्चीत हलतायत का गं?"

"अरे, ताल धरलाय त्यांनी," दीना डोळे पुसत, हसत म्हणाली. "तेवढा तर धरू दे!"