डाव्या स्पीकरला डावा पीळ

वाल्मिक आप्पांनी स्पीकरच्या तारांना पीळ द्यायचं ठरवलं आणि डिंडोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांची शांतता संपली.

तार चांगली होती. आवाज येत होता. पण आप्पांनी मोबाइलवर कुणा दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला. एका स्पीकरला दोनऐवजी चार तारा जोडल्या की आवाज 'उघडतो', असं तो सांगत होता. (आवाज म्हणजे काय गोडाऊन आहे उघडायला?) आप्पांनी त्याच दिवशी चार तारा आणल्या. त्यात आप्पा पडले धागा पिळणाऱ्या कारखान्यातले बावीस वर्षांचे ऑपरेटर. पिळाशिवाय धाग्याला जोर नाही, मग तारेला तरी कुठून येणार, हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. त्या डोक्यानं एकदा काही घेतलं की ते परत करायची सोय नसते.

सुट्टीच्या दिवशी एक टोक खिडकीच्या गजाला बांधून आप्पा पीळ घालत बसले. डाव्या स्पीकरला डावा पीळ, उजव्याला उजवा. मीटरला चाळीस वेढे. मध्येच शेजारीण साखर मागायला आली आणि मोजणी चुकली. आप्पांनी तिला हाकललं आणि सगळा पीळ सोडून पहिल्यापासून सुरुवात केली.

"ऐक," तारा जोडून गाणं लावल्यावर ते मुलीला म्हणाले, "गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

धनश्री आयटीआयमध्ये वायरिंग शिकत होती. "पप्पा, तारेतून करंट जातो. साडी नाही विणायची तिची."

"तुझ्या आयटीआयमध्ये पीळ शिकवतात का? नाही ना? मग झालं!"

आप्पांच्या बायकोला, कलाबाईंना, त्या श्वासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करायच्या. कपाटाएवढ्या दोन स्पीकरांनी भिंत अडवल्यापासून त्यांची साडी ताणून बसवायची लांबलचक फ्रेम गॅलरीत गेली होती. तिथे डोक्यावर ऊन, आणि वारा सुटला की खडे खालच्या मजल्यावर. कलाबाई खरोखर रडकुंडीला आल्या होत्या.

"धनश्रीना पप्पा, मी आखो कितला दिन उन्हमा बसू?"

"तुले संगीतमधलं काय समजस?" आप्पा म्हणाले.

मग धनश्रीनंच तोडगा काढला. पप्पांनी डोळे बांधून बसायचं. ती कधी साधी तार जोडेल, कधी पिळाची. दहापैकी आठ वेळा ओळखलं तर स्पीकर राहतील. नाही ओळखलं तर स्पीकर माळ्यावर आणि आईची फ्रेम आत.

"दहापैकी दहा!" आप्पांनी छाती फुगवली. (बावीस वर्षं मशीनच्या खडखडाटात काढलेला माणूस. घरात कुकरची शिट्टी झालेली त्याला बायको सांगायची.)

कलाबाईंच्या जुन्या पातळाची पट्टी डोळ्यांवर बांधली. लग्नातलं अहिराणी गाणं सुरू झालं.

"साधी!" आप्पांनी तोंड वाकडं केलं. "आवाज कसा गोणपाटात गुंडाळलाय."

पुन्हा गाणं.

"पीळ! अहाहा, ढोलकी बघ. जमिनीतून येते."

असं दहा वेळा झालं. आप्पा कधी मान डोलवत, कधी नाक मुरडत. सातव्या वेळी तर त्यांना डाव्या स्पीकरचा पीळ दोन वेढ्यांनी सैल झाल्याचंही ऐकू आलं. शेवटी ऐटीत पट्टी सोडून त्यांनी विचारलं, "किती?"

"शून्य," धनश्री म्हणाली.

"असं कसं? निम्मे तर चुकूनही बरोबर येतात!"

"स्पीकर लावलेच नव्हते, पप्पा."

आप्पांनी वळून पाहिलं. दोन्ही स्पीकरांच्या तारा सुटून जमिनीवर पडल्या होत्या. मध्ये स्टुलावर एक पातेलं होतं, आणि पातेल्यात कलाबाईंचा मोबाइल गात होता.

आता तरी हा माणूस लाजेल, म्हणून मायलेकी वाट पाहत राहिल्या. आप्पा उठले, पातेल्यात वाकले, कान लावला. बराच वेळ ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं.

"कला," ते म्हणाले, "हाई पातेलं जाड बुडनं शे का?"

कलाबाईंनी मोबाइल काढून घेतला आणि पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"शे. आते घासी आना. माले त्यामा वरण करनं शे."