अवधूतपंत यंत्रनीस यांनी विसावा मोडिला त्याची हकीकत

॥ श्री ॥ प्रथम गणरायास, मग श्रीदत्तगुरूंस, मग व्यासपीठावरील वीणेस दंडवत घालून, आणि हसू आले तर श्रोत्यांनी खुशाल हसावे ऐसी आज्ञा खुद्द पंतांची आहे हे आरंभीच सांगून, लेखणी धरिली असे. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी, एके राज्यीं काशाचे टाळ घडविण्याची यंत्रशाळा होती. राज्याचे नाव पुसू नये. नावाने टाळ वाजत नाही. तेथे अवधूतपंत यंत्रनीस म्हणोन मातबर असामी होते. शूर ऐसे की यंत्राचे झाकण उघडावयास कोणास विचारीत नसत, आणि पंडित ऐसे की झाकणावर काय लिहिले ते वाचीत नसत. कीर्तनाचे मात्र बहुत वेडे. दरसालप्रमाणे त्याही साली दत्तजयंतीचा सप्ताह निरंजनबुवांचाच ठरला. बुवांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि पौर्णिमेचे कीर्तन करून वीणा कायमची खुंटीस लावणार ऐसे त्यांनी जाहीर केले होते. पंतांस गहिवर आला, आणि गहिवरात मनुष्य बोलू नये ते बोलतो. भर सभेत उठोन म्हणाले, "बुवा, दत्तजन्माचे समयीं नवे चाळीस जोड टाळ वाजतील. एक कमी पडला तर ही पगडी आपले पायीं ठेवून घरी कांदे सोलीत बसेन!" बुवा म्हणाले, "पगडी नको, पंत. टाळ तेवढे द्या."

मग यंत्रशाळेत काम सुरू जाहले. ओतीव टाळास लेथवर आकार द्यावयाचा, आणि लेथ फिरविणारी सर्व्हो नामे मोटार, आणि तिचा कारभार पाहणारी ड्राइव्ह नामे पेटी. पेटी म्हणजे किल्लाच. आत सहा ट्रान्झिस्टर सहा दरवान होऊन उभे. तीन वरच्या कवाडांस, तीन खालच्या. वरचा आपले कवाड मिटी, मग क्षणभर विसावा घेई, आणि मग त्याखालचा आपले उघडी. हा विसावा डोळ्याची पापणी लवते त्याचा लाखावा हिस्सा. तेवढाही न घेता दोघे एके समयीं उघडे राहिले, तर विजेचा लोंढा मोटारीकडे न वळता वरून थेट खाली कोसळावा आणि दोघेही दरवान जागीच जळावे. म्हणोन एक जासूदही नेमिला होता. तो लोंढा चढताना पाही, तत्क्षणी सर्व कवाडे मिटवी आणि तांबडा दिवा लावी. ऐसा पक्का बंदोबस्त पूर्वीच्या शहाण्यांनी केला होता. न्यून एवढेच की त्यांनी पंतांचा विचार केला नव्हता.

बारा जोड उतरले तो पंतांनी टाळ उन्हात धरून पाहिला. ओल्या वाळूवर वारा फिरावा तैशा बारीक लहरी अंगावर दिसल्या. लेथवर वीस वर्षे उभी राहिलेली तुळजाबाई म्हणाली, "पंत, मोटार हळू फिरते तेव्हा त्या विसाव्यापायी अंमळ हिसका बसतो. पॉलिशकागदाने हाताने घासलं की जातंय सगळं."

पंत हसले. "हाताने? मग यंत्र कशास? हा विसावाच आळशी आहे. निम्मा करितो."

निम्मा केला, आणि लहरी कमी जाहल्या, आणि पंतांची छाती वीतभर वाढली. मग विसावा साफ काढून टाकिला. तो तांबडा दिवा लागला आणि यंत्र थांबले. पुन्हा चालविले, पुन्हा तांबडा. पंतांची मर्जी खप्पा जाहली. म्हणाले, "हा जासूद भित्रा आहे. ऊठसूट बोंब मारितो." आणि त्याची तार उपटून बाजूस ठेविली.

तुळजाबाई दोन पावले मागे सरली. "पंत, कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्यालाच घालवता? चोर बघा की आधी!"

"बाई, तुम्ही लेथ पाहा. विद्या आम्ही पाहतो."

मग विद्येने बटण दाबिले. तोफ सुटावी तैसा आवाज जाहला, पेटीचे झाकण उडाले, पंतांची पगडी तेलाच्या घमेल्यात जाऊन पडली, आणि सहाही दरवान जळोन कोळसा जाहले. धूर ओसरला तेव्हा पंतांच्या मिशीचे उजवे अंग उणे होते. घमेल्यातून पगडी काढोन ते बारीक आवाजात म्हणाले, "तुळजाबाई, कोठीत सहा ट्रान्झिस्टर आणखी असतील ना?"

"सहाच हायेत. तेही गेले तर पौर्णिमेला टाळ्या वाजवा."

तिन्हीसांजेस पंत कीर्तनास गेले, परंतु नेहमीप्रमाणे पुढे न बसता खांबाआड बसले. पूर्वरंग संपला, आणि बुवा थांबले. रीतच ती. बुवांस बुक्का लागला, हार पडला, सभेने नामाचा गजर धरिला, आणि बुवांनी दोन घोट पाणी घेतले, आणि तबलजीने हातोडी घेऊन तबला सुरात आणिला. पंतांस ही रीत आजवर कधी सोसली नव्हती, दरसाल येथेच ते ओरडत, "बुवा, कथा येऊ द्या!" आजही ओठ उघडले, तो बुवांचा हात दिसला. पाण्याचा पेला धरिलेला तो हात थरथरत होता. दोन घोट पोटात गेले, श्वास बसला, आणि मग तोच म्हातारा गळा ऐसा लागला की समया हालल्या. पंत खांबास डोके टेकून मनात म्हणाले, "अरे गाढवा, दरसाल तू याच दोन घोटांवर ओरडलास, आणि आज त्याच अकलेने सहा दरवान जाळलेस." आणि डोळे पुसले, आणि पुसताना अर्धी मिशी हातास लागली तेव्हा हसूही आले.

दुसरे दिवशी पंतांनी अंघोळ करून कोठीतील सहा ट्रान्झिस्टर बसविले, विसावा पूर्वीइतका ठेविला, जासुदाची तार आपले हाते जोडिली, आणि आयुष्यात प्रथमच झाकणावरील मजकूर मोठ्याने वाचिला. बटणाजवळ बोट नेले आणि परत मागे घेतले. तुळजाबाई म्हणाली, "देवाचं नाव घ्या आणि दाबा. मी दाराशी हाय."

"दाराशी का?"

"मला दोन्ही भिवया पाहिजेत."

पंतांनी दत्तगुरूंस हाक मारिली आणि दाबिले. मोटार गुरगुरली, फिरली. तांबडा दिवा लागला नाही. मग टाळ उतरत गेले, लहरींसकट. आणि पंत चार दिवस जमिनीवर मांडी घालून पॉलिशकागदाने टाळ घासीत बसले, आणि तुळजाबाई येता-जाता बोट फिरवून, "हा परत घासा," म्हणे, आणि पंत, "जी," म्हणोन परत घाशीत. पौर्णिमेस दिवस कलेतो एकोणचाळीस जोड चकचकीत जाहले. चाळिसावा घासावयास वेळ उरला नाही. तो लहरींचाच जोड पंतांनी आपले गळ्यात घातिला.

दत्तजन्माचे कीर्तनी चाळीस जोड ऐसे वाजले की मंडप दणाणला. पूर्वरंगाचा शेवटचा अभंग आटोपला, बुवांनी हात वर केला, आणि एकोणचाळीस टाळ एकदम थांबले. चाळिसावा मात्र भक्तीच्या भरात एक ठोका अधिक वाजला, किंचित खरखरीत. बायकांच्या बाजूने तुळजाबाईचा आवाज आला, "पंत, विसावा!" सभा हसली, बुवा हसले, आणि पंत सर्वांहून मोठ्याने हसले. मग बुवांनी पेला उचलिला, आणि दोन घोटांनंतर तिसराही घेतला, आणि पंतांनी दोन्ही टाळ छातीशी घट्ट धरून वाट पाहिली.

तात्पर्य इतुकेच की टाळ चाळीस भरले, नवे ट्रान्झिस्टर सहाही सुखरूप राहिले, मिशी फाल्गुनात पूर्ववत जाहली. जळालेले सहा दरवान पंतांनी आपले गादीमागे भिंतीस टांगून ठेविले आहेत, नवा मनुष्य पुसे तर म्हणतात, "हे माझे गुरू." जैसे घडले तैसे लिहिले, पगडीस तेलाचा डाग अद्याप आहे, शंका असेल त्याने येऊन पाहावा. बहुत काय लिहिणे, थांबतो.